एक झडप, दुहेरी काच : ऊर्जाबचतीच्या लाकडी खिडकीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी : माप आणि उष्णतेचा हिशेब

भिंतीतील जागेची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजली. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजली, दोन्ही कर्णही घेतले. प्रत्येक दिशेचा सर्वांत लहान आकडा धरला: १२२५ × १३९० मिमी. चौकटीचे बाहेरचे माप १२०० × १३५० ठरवले. दोन्ही बाजूंना आणि वर साधारण १२ मिमी फट राहील, खाली पाटथर (खिडकीखालचा बाहेरचा उतरता काठ) आणि त्याच्या उतारासाठी सुमारे २८ मिमी. फट ८ मिमीच्या आत गेली की भराव नीट आत जात नाही. २० च्या वर गेली की स्क्रू मोकळ्या जागेत लांब अंतर पार करतात आणि चौकट हलते.

झडप एक की दोन, हे लाकूड आणण्याआधी ठरवायला हवे. आयएसओ १००७७-१ या आंतरराष्ट्रीय मानकातली रीत सोपी आहे. काचेचे क्षेत्रफळ गुणिले काचेचे यू-मूल्य (एका चौ.मी.तून एका अंशाच्या फरकाला किती उष्णता जाते तो आकडा), अधिक लाकडाचे क्षेत्रफळ गुणिले लाकडाचे यू-मूल्य, अधिक काचेच्या कडेची लांबी गुणिले कडेचा गुणांक. या बेरजेला खिडकीच्या एकूण क्षेत्रफळाने भागायचे. आमचे आकडे: काच १.१, ६८ मिमी जाडीचे पाइन १.५ (दोन्ही वॅट प्रति चौ.मी. प्रति केल्विन), चौकट आणि झडप मिळून दिसणारी रुंदी ११० मिमी, खिडकीचे क्षेत्रफळ १.६२ चौ.मी. स्पेसर म्हणजे दोन काचांमध्ये कडेने बसणारी अंतरपट्टी. खाली कंसात कडेचा गुणांक, शेवटी संपूर्ण खिडकीचे यू-मूल्य.

दोन झडपा, मधले उभे लाकूड १३० मिमी, ॲल्युमिनियमचा स्पेसर (०.०८): १.५७
दोन झडपा, उष्णता कमी वाहणारा स्पेसर (०.०४): १.४२
एकच झडप, ॲल्युमिनियमचा स्पेसर: १.४३
एकच झडप, उष्णता कमी वाहणारा स्पेसर: १.३३

काच चारही ठिकाणी तीच, तरी १.५७ आणि १.३३ इतका फरक. दोन झडपांत काचेची कड ६.२२ मीटर होते, एकीत ४.२२. काचेच्या पत्रकावरचा आकडा तावदानाच्या मध्यभागाचा असतो. त्यावरून संपूर्ण खिडकीचा अंदाज बांधू नये.

याच चौकटीत साधी ४ मिमी काच (यू ५.८) घातली तर खिडकीचा आकडा ४.४४ येतो. आत-बाहेर २० अंशांचा फरक असताना तिच्यातून सुमारे १४४ वॅट जातील, आपल्या एकझडपी खिडकीतून ४३. पण झडपेच्या फटींतून तासाला १० घनमीटर हवा गळली तर तेवढ्याच फरकाला ६८ वॅट वेगळे जातात (एक घनमीटर हवा एका अंशाला सुमारे ०.३४ वॅट-तास नेते). म्हणजे चांगल्या काचेच्या खिडकीत गळती काचेपेक्षा महाग पडते. या प्रकल्पात सर्वाधिक काळजी काचेच्या भोवतालची घ्यायची आहे, हे इथेच ठरले.

निर्णय: एक झडप, आत उघडणारी. बाहेर सावलीचा पडदा किंवा जाळी लावता येते आणि काच आतूनच पुसता येते. किंमत ही की आत मीटरभराहून जास्त जागा मोकळी ठेवावी लागते.

९ जानेवारी : लाकूड

पाइन, तीन थरांचे चिकटवलेले तुकडे, रंधून ६८ मिमी. एकसंध जाड फळीपेक्षा हे बरे, कारण थर एकमेकांना पिळू देत नाहीत. तिन्ही थर एकाच जातीचे हवेत. बाहेर साग आणि आत पाइन अशी जोडणी आकर्षक दिसते, पण दोन लाकडे वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि तुकडा धनुष्यासारखा वाकतो.

निवडताना पाहिलेल्या गोष्टी: टोकाकडून पाहता वाढीच्या रेघा रुंद बाजूशी उभ्या असाव्यात, झाडाचा मधोमध भाग तुकड्यात नसावा, बाहेरच्या थरात सालीलगतचे फिकट लाकूड नसावे (बुरशी तिथेच आधी धरते), आणि जोडाच्या जागी गाठ नसावी. उभ्या रेघांचा आग्रह आकड्यांसाठी आहे. रेघांच्या दिशेने लाकूड जितके हलते त्याच्या सुमारे निम्मेच त्रिज्येच्या दिशेने हलते.

आकडा कामाचा आहे म्हणून लिहून ठेवतो. आडव्या रेघांचे पाइन ओलाव्याच्या दर टक्क्याला सुमारे ०.३ टक्के आक्रसते. ८० मिमी रुंद पट्टी १८ टक्क्यांवर कापली आणि ती घरात १२ वर आली तर जवळजवळ दीड मिमी कमी होते. गास्केटचा (झडपेची फट बंद करणाऱ्या लवचीक पट्टीचा) सगळा दाबच त्यात निघून जातो.

सागात हेच काम करायचे तर दोन बदल: लाकडाचे यू-मूल्य साधारण १.८ धरावे, म्हणजे खिडकी १.३३ ऐवजी १.४३ होते. आणि सागाच्या तेलामुळे गोंद धरत नाही, तेव्हा जोडाचे पृष्ठ ताजे रंधून, ॲसिटोनने पुसून, लगेच चिकटवावे. टिकाऊपणात मात्र साग पुढे आहे. सतत भिजणाऱ्या भिंतीसाठी आम्ही तोच घेऊ.

१९ जानेवारी

लाकूड सपाट पट्ट्यांवर, मध्ये हवा खेळेल असे रचून ठेवले आहे. सुयांचा ओलावामापक जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत ठोकून, पाइनच्या सेटिंगवर वाचला: १२ ते १३ टक्के. १० ते १४ मध्ये काम सुरू करता येते. एकाच खिडकीच्या तुकड्यांत मात्र दोन टक्क्यांहून जास्त फरक नको.

२२ जानेवारी : काचेची मागणी

४ मिमी काच, १६ मिमी पोकळी, ४ मिमी काच, पोकळीत ९० टक्के आर्गॉन, एका काचेवर लो-ई (उष्णता परतवणारा) लेप. पोकळी १६ मिमीच का? कमी असेल तर वायूचा थर पातळ पडतो. जास्त असेल तर आत वायू फिरू लागतो आणि फायदा परत जातो. आर्गॉनची उष्णतावाहकता ०.०१७, हवेची ०.०२५ (वॅट प्रति मीटर प्रति केल्विन). क्रिप्टॉनला १० ते १२ मिमी पुरतात, पण तो तिहेरी काचेत जागा अपुरी असेल तेव्हाच परवडतो.

लेप कोणत्या पृष्ठावर, हे मागणीत शब्दांत लिहावे. बाहेरून आत मोजल्यास पृष्ठे १, २, ३, ४. उष्णता आत राखायची असेल तर लेप ३ वर. ऊन अडवायचे असेल तर सूर्यनियंत्रण लेप २ वर, आणि मागणीत जी-मूल्यही लिहायचे. यू-मूल्य आतली उष्णता किती बाहेर जाते ते सांगते. उन्हातली किती उष्णता आत येते ते जी-मूल्य सांगते. काचेवर ६०० वॅट प्रति चौ.मी. ऊन पडत असताना जी ०.६ असेल तर ३६० वॅट आत, जी ०.३ असेल तर १८०. ज्या भिंतीला दुपारचे ऊन थेट लागते तिथे १.१ आणि १.० या यू-मूल्यांवर वाद घालण्यात वेळ घालवू नये, जी-मूल्य आणि बाहेरची सावली पाहावी. आतला पडदा उन्हाची उष्णता खोलीत शिरल्यावर अडवतो, त्यामुळे त्याचा उपयोग थोडाच.

काचेचे माप १००६ × ११५६ मिमी, दिसणारा भाग ९८० × ११३०. चारही कडा १३ मिमी खाचेत झाकल्या जातील. सीलची कड साधारण १२ मिमी असते, ती उन्हाला उघडी पडता कामा नये. वजन: दर मिमी जाडीला चौ.मी. मागे २.५ किलो, म्हणजे सुमारे २३ किलो. झडपेचे लाकूड धरून ३५ च्या आसपास. बिजागऱ्या याच आकड्यावर मागवल्या आणि वर भरपूर सूट ठेवली.

खिडकीची खालची कड जमिनीपासून ८०० मिमीच्या आत असेल तर साधी काच वापरू नये. लॅमिनेटेड किंवा टफन्ड घ्यावी. युनिट (सीलबंद दुहेरी काच) बनते ती जागा आणि बसणारी जागा यांच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत मोठा फरक असेल तर बनवणाऱ्याला आधीच कळवावे. हवेचा दाब १०० मीटरला साधारण १.२ किलोपास्कल बदलतो. पोकळी सीलबंद असल्याने काचा फुगतात किंवा खचतात, आणि लहान, अरुंद तावदानांवर हा ताण सर्वांत वाईट.

३ फेब्रुवारी : काप आणि खाचा

झडपेचे माप ११४० × १२९०, पट्टी ८० × ६८. ६८ मिमीची वाटणी बाहेरून आत: लाकडाची कड २०, सील टेप ३, काच २४, आतली सील ३, काचपट्टी १८. काचेच्या खाचेची खोली १८ मिमी, म्हणजे काचेच्या कडेखाली ५ मिमी मोकळे.

झडप चौकटीवर १८ मिमी चढते. झडपेची धार आणि चौकट यांच्यात कड्या-यंत्रणेसाठी १२ मिमी जागा आहे. गास्केटची खाच याच टप्प्यात राऊटरने (खाच पाडण्याच्या यंत्राने) काढली. जोडणी झाल्यावर खाच काढली तर कोपरे गोल राहतात आणि गास्केट तिथे उचलले जाते.

६ फेब्रुवारी : जोड

कोपऱ्यांना दुहेरी मॉर्टिस-टेनन (एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याची जीभ), आरपार. कोरडी जुळणी हाताच्या दाबाने बसली पाहिजे. हातोडी मारावी लागली तर गोंद पुसला जातो, सैल असेल तर गोंद भराव बनतो आणि पहिल्या पावसात तडा जातो. फट ०.१ ते ०.२ मिमी चालते.

गोंद ईएन २०४ या युरोपीय मानकानुसार डी-४ (पाण्याला सर्वांत टिकणाऱ्या) दर्जाचा, दोन्ही पृष्ठांना, टेननच्या टोकालाही. टोकाचे उघडे तंतू पाणी सर्वांत वेगाने पितात, त्यामुळे तिथली गोंदाची थाप जोडाइतकीच महत्त्वाची. गोंद लावल्यापासून पाच-सहा मिनिटांत क्लॅम्प. लगेच दोन्ही कर्ण मोजले, फरक १ मिमी. २ च्या वर असता तर क्लॅम्प तिरका करून ओढून घेतला असता. गोंद ओला असतानाच हे होते.

क्लॅम्प दुसऱ्या दिवशी काढता येतात, पण पाण्याला तोंड देण्याची पूर्ण ताकद यायला सुमारे सात दिवस लागतात. तोवर रंधा नको, लेप नको.

१४ फेब्रुवारी : पाणी जाण्याच्या वाटा

लाकडी खिडक्या बहुधा खालच्या आडव्यात आणि खालच्या दोन कोपऱ्यांत कुजतात. पाणी तिथे थांबते, एवढेच कारण. आजचे काम त्यासाठी.

बाहेरच्या प्रत्येक आडव्या लाकडी पृष्ठाला किमान १५ अंश उतार. बाहेरच्या सगळ्या धारा २ मिमी त्रिज्येने गोल. टोकदार धारेवर ओला लेप मागे सरकतो, थर पातळ राहतो आणि फाट तिथूनच सुरू होते. झडपेच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या कडेजवळ ७ मिमी रुंद, ५ मिमी खोल थेंबखाच, टोकापासून टोकापर्यंत. मध्ये तुटली तर पाणी तेवढ्या जागेवरून आत सरकते.

काचेच्या खाचेला खाली तीन निचरा भोके, ८ मिमी, दोन्ही कोपऱ्यांजवळ आणि मध्ये. अंतर ६०० मिमीच्या आत. वरच्या पट्टीलाही दोन भोके, म्हणजे खाचेत हवा फिरते. बाहेरची सील कितीही चांगली असली तरी काही वर्षांनी थोडे पाणी आत येतेच. ते साठले तर युनिटची सील त्यात बुडते आणि पोकळीत धुके दिसू लागते. भोकांच्या आतल्या बाजूलाही लेप लागला पाहिजे. ८ मिमीपेक्षा लहान भोक नको, थेंब पृष्ठताणाने अडकून राहतो.

चौकटीच्या खालच्या आडव्यावर ॲल्युमिनियमची पाणपट्टी लावण्याची पद्धत आहे. पावसाला ती उत्तम. पण ॲल्युमिनियम उष्णता सुमारे १६० ने वाहते आणि पाइन ०.१३ ने. पट्टी झडपेच्या आतल्या गास्केटपर्यंत सलग गेली तर थंडीत आतली बाफ तिच्यावर साचते आणि तिच्याखालचे लाकूड दिसत नसताना कुजते. म्हणून मध्ये प्लास्टिकचा तुटक भाग असलेली पट्टी घेतली, ती मधल्या गास्केटच्या बाहेरच थांबते, आणि तिची दोन्ही टोके चौकटीला सीलंटने बंद आहेत.

१७ ते २४ फेब्रुवारी : लेप

आधी बुरशीरोधक द्रावण, टोकांना दोनदा. मग प्रायमर, मधला थर, वरचा थर, पाण्यावर आधारित ॲक्रिलिक. सुकल्यावर एकूण जाडी १०० ते १२० मायक्रॉन. दातेरी मापपट्टीने ओला थर मोजला. डब्यावरच्या घनांशाच्या टक्क्यावरून सुका थर काढता येतो: घनांश ४० टक्के असेल तर १०० मायक्रॉन ओल्याचे ४० सुके.

बाफेला आतून अडवणे बाहेरच्यापेक्षा कमी पडता कामा नये. म्हणून आतही तेवढेच थर दिले. बाहेर जाड आणि आत नुसते तेल, अशी उलट रचना केली तर खोलीतला ओलावा लाकडात शिरतो आणि बाहेरच्या लेपाला फोड येतात.

रंग फिकट निवडला. गडद पृष्ठ उन्हात ७० अंशांच्या पुढे जाऊ शकते. पाइनची राळ पातळ होऊन लेपातून बाहेर येते, जोडही सतत ताणला जातो.

गास्केटच्या खाचेत रंग गोळा झाला असेल तर तो सुकण्याआधी काढावा. आणि गास्केटवर रंग कधीच नको. तो कडक होतो आणि दाबल्यावर परत येत नाही.

२६ फेब्रुवारी : गास्केट आणि यंत्रणा

दोन गास्केट: एक मध्ये, चौकटीत, आणि एक आत, झडपेवर. मधले पावसाचा वेग आणि वारा अडवते, आतले खोलीतली दमट हवा. चारही कोपरे ४५ अंशांत कापून चिकटवले, सांधा वर मध्यभागी. गास्केट ताणून बसवू नये, थोडे ढकलून बसवावे. ताणलेले आक्रसते आणि कोपऱ्यात फट उघडते, ती पहिल्या थंडीत कळते.

कुलूपबिंदू चारही बाजूंना, एकमेकांपासून ७०० मिमीच्या आत. फक्त मुठीजवळ एक कडी असेल तर झडपेचे वरचे आणि खालचे टोक वाऱ्याने मिमीभर बाहेर ढकलले जाते. सीलची एकूण लांबी सुमारे ४.७ मीटर आहे. सगळीकडे १ मिमी फट धरली तर ४७ चौ.सेंमी.चे भोक झाले.

१ मार्च : काच बसवणे

युनिट आल्यावर आधी लेपाची खात्री. टॉर्च काचेसमोर तिरपी धरली की चार प्रतिबिंबे दिसतात, प्रत्येक पृष्ठाचे एक. वेगळ्या रंगाचे असेल ते लेपाचे पृष्ठ. बाहेरून तिसरे निघाले, म्हणजे बरोबर. काच बसल्यावर ही चाचणी करण्यात अर्थ नाही, तोवर काचपट्ट्या ठोकलेल्या असतात.

ठोकळे ५ मिमी जाड, १०० मिमी लांब, २६ मिमी रुंद, म्हणजे काचेपेक्षा दोन मिमी जास्त. दोन्ही काचा ठोकळ्यावर टेकल्या पाहिजेत. एकच टेकली तर दुसरीचे वजन सीलवर लटकते आणि सील कातरली जाते. ठोकळा निचरा भोकावर नको.

जागा महत्त्वाची. बाजूला बिजागरी असलेल्या झडपेत वजनाचे ठोकळे बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्याजवळ आणि त्याच्या कर्णावर, मुठीकडच्या वरच्या कोपऱ्याजवळ. काचच मग झडपेला तिरका आधार देते आणि मुठीकडची बाजू खाली उतरत नाही. उलट कर्णावर ठोकळे घातले तर काचेचे वजन झडपेला खाली ओढते. काही महिन्यांत खालची कड चौकटीला घासू लागते आणि दोष बिजागरीला दिला जातो. उरलेले ठोकळे फक्त अंतर राखतात, त्यांच्यावर दाब नको.

सीलंट न्यूट्रल प्रकारचा. ॲसिटिक सिलिकॉनला आंबट वास येतो, तो युनिटच्या कडेची सील आणि लॅमिनेटेड काचेचा मधला थर खराब करतो. बाहेर सीलंटला काचेकडून बाहेर किंचित उतार दिला. काचपट्टीचे खिळे काचेपासून दूर, तिरपे आणि आधी बारीक भोक पाडून.

८ मार्च : भिंतीत बसवणी

चौकट पाचरांवर, पाणसळ आणि ओळंब्याने. सहन होणारा फरक मीटरला दीड मिमी. झडप लावून उघडून पाहिली: ४५ अंशांवर सोडली तर तिथेच थांबली. स्वतःहून फिरत असेल तर चौकट ओळंब्यात नाही.

स्क्रू ७.५ मिमी, कोपऱ्यापासून १५० मिमीवर, पुढे ७०० च्या आत. प्रत्येक स्क्रूशेजारी पाचर, नाहीतर घट्ट करताना चौकट भिंतीकडे ओढली जाते आणि मधली फट असमान होते. फोम चौकटीला धरून ठेवत नाही. तो फक्त पोकळी भरतो, हे लक्षात ठेवूनच स्क्रू मोजले.

फटीचे तीन थर: आत बाफ अडवणारी टेप, मध्ये कमी फुगणारा फोम, बाहेर पाणी अडवणारी पण बाफ सोडणारी टेप. नियम एकच, आतली बाजू बाहेरच्यापेक्षा घट्ट. आतली टेप गाळून फक्त फोम भरला तर खोलीतली दमट हवा फोमच्या कडेने थंड भागात जाते आणि भिंतीच्या आत पाणी होते. खिडकीभोवतीच्या काळ्या डागांचे कारण बहुधा हेच असते.

खिडकी भिंतीच्या जाडीत किती आत बसवायची? बाहेर उष्णतारोधक थर असेल तर त्याच्याशी जुळवून. साध्या एकजिनसी भिंतीत मध्यभागी. बाहेरच्या धारेवर बसवली तर आतला कोपरा थंड पडतो.

बाहेरच्या पाटथराला ५ अंश उतार, दोन्ही टोकांना उभ्या कडा, भिंतीपुढे ४० मिमी बाहेर.

११ मार्च : चाचण्या

कागदाची पट्टी झडपेत अडकवून कडी लावायची आणि ओढायची. दर १५० मिमीला. सगळीकडे सारखा विरोध हवा. वर मुठीकडच्या कोपऱ्यात पट्टी सहज निघाली, तिथला कुलूपबिंदू फिरवून दाब वाढवला. सगळे बिंदू एकदम घट्ट करू नयेत. गास्केट चेपून जाते आणि मूठ जड होते.

पाण्याची फवारणी खालून सुरू केली आणि पाच-पाच मिनिटांनी वर सरकवली. वरून सुरू केले तर गळती कुठल्या सांध्यातून आहे ते कळत नाही. निचरा भोकांतून पाणी बाहेर आले, आत नाही.

वाऱ्याच्या दिवशी धूरकांडी कडेने फिरवायची आहे. प्रयोगशाळेत तपासणी होते तेव्हा ईएन १२२०७ च्या चौथ्या, सर्वांत कडक वर्गात १०० पास्कलला चौ.मी. मागे तासाला ३ घनमीटरपर्यंत गळती चालते. हाताच्या चाचणीने तो आकडा मिळत नाही, पण गळती कुठे आहे ते नक्की कळते.

२० नोव्हेंबर : थंडीतली तपासणी

खोली २० अंश, आर्द्रता ५० टक्के. दवबिंदू ९.३ अंश. बाहेर शून्य अंश असेल तर साध्या काचेचे आतले पृष्ठ हिशेबाने ५ अंशांच्या आसपास, लेप नसलेल्या दुहेरी काचेचे (यू २.८) सुमारे १२.७ आणि आपल्या काचेचे १७. तावदानाच्या मध्यभागी दव येण्याचे कारणच उरत नाही. कड यापेक्षा थंड असते, स्पेसरचा फरक तिथे दिसतो.

पहाटे काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसले. दोष नाही. आतली उष्णता बाहेरच्या काचेपर्यंत फारशी पोहोचत नाही, म्हणून स्वच्छ आकाशाच्या रात्री ती हवेपेक्षा थंड होते. दव पोकळीच्या आत दिसले तर मात्र सील गेली, युनिट बदलावे लागते.

खोलीत दमटपणा वाढला तर खिडकी ढिली करू नये. दिवसातून काही मिनिटे पूर्ण उघडावी, किंवा हवा आत येण्याची वेगळी, नियंत्रित वाट ठेवावी.

देखभालीचे वेळापत्रक: वर्षातून एकदा निचरा भोके तारेने मोकळी करणे, बिजागऱ्या आणि कुलूपबिंदूंना तेलाचा थेंब, गास्केट ओल्या फडक्याने पुसणे. लेपाला केसाएवढी भेग दिसली तर त्याच आठवड्यात घासून थर देणे. खालच्या दोन कोपऱ्यांत ओलावामापकाचा आकडा १८ च्या वर गेला की पाणी कुठून येते ते आधी शोधायचे, रंग नंतर.